सेवकरामनं निवळलेलं पाणी

"बाबा, मिलमंधला धान धुवाचा हौद सध्या रिकामा हाय का?"

समीक्षाचा गोव्याहून फोन आला आणि जेवलात का, तब्येत कशी आहे, असलं काहीही न विचारता तिनं थेट हौदाला हात घातला. दुसऱ्या एखाद्या बापाला वाईट वाटलं असतं. सेवकराम गजभियेंना मात्र भरून आलं. आमगावच्या उसना, म्हणजे उकड्या तांदळाच्या, मिलमध्ये त्यांनी एकतीस वर्षं तो हौद सांभाळला होता. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, आणि या दोन वर्षांत हौदाची चौकशी करणारं हे पहिलंच माणूस होतं.

"रिकामाच हाय. बॉयलर दुरुस्तीले गेला, महिनाभर मिल बंद. काऊन?"

"चार दिवस पाहिजे मले. पटले काकाले विचारता का?"

समीक्षा गोव्यातल्या एका संस्थेत समुद्राच्या तळाजवळचं पाणी कसं घुसळतं याचा अभ्यास करत होती. त्यासाठी तिनं तीन वर्षं खपून एक यंत्र जुळवलं होतं. त्यातून हिरव्या प्रकाशाचा पातळ पडदा पाण्यात पडायचा आणि बाजूचा कॅमेरा त्या पडद्याचे भराभर फोटो काढायचा. हे यंत्र महिनाअखेरीला निघणाऱ्या जहाजावरून समुद्रात उतरायचं होतं. पण जहाजावर जागा एक आणि मागणारे चार. केरकर मॅडम, म्हणजे तिच्या मार्गदर्शक बाई, यांनी सरळ सांगितलं होतं की शनिवारी दुपारी बारापर्यंत वाहत्या पाण्याचं वीस मिनिटांचं चांगलं रेकॉर्डिंग दाखव, नाहीतर जागा दुसऱ्याला. आणि नेमक्या त्याच आठवड्यात संस्थेचा स्वतःचा लांब हौद गळायला लागला होता.

मिलमालक मनोहरलाल पटले यांनी परवानगी द्यायला अर्धं मिनिटही घेतलं नाही. "पोरीचं काम हाय ना? चार दिवस काय, आठ दिवस घे. पन सेवकराम, समुद्राचं यंत्र आमगावात कायले? इथून समुद्र किती दूर हाय, मालूम हाय का?"

"हौद जवळ हाय ना, मालक," सेवकराम म्हणाले. त्यांच्या लेखी एवढं पुरेसं होतं.

बुधवारी समीक्षा दोन मोठ्या पेट्या घेऊन उतरली. तोवर सेवकरामनी हौद तीनदा घासून ठेवला होता. तीस फूट लांब, चार फूट रुंद आणि मांडीएवढ्या उंचीचा तो सिमेंटचा हौद इतका चकाकत होता की समीक्षानं तळाला नदीची वाळू पसरायला घेतली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर कुणीतरी चिमटा काढल्यासारखा भाव आला.

"वाळू? आत?"

"समुद्राच्या तळाले वाळूच असते, बाबा."

"मंग धुऊन तं टाक."

वाळू धुतली गेली, चार पाण्यांनी. गुरुवारी सकाळी हौद भरला. मोटर एका टोकाचं पाणी उचलून दुसऱ्या टोकाला सोडत होती, त्यामुळे हौदात संथ प्रवाह तयार झाला. सेवकराम मोटरचा खटका पाहायला बाहेर गेले असताना समीक्षानं एका डबीतली काचेची बारीक भुकटी पाण्यात मिसळली. परदेशातून मागवलेली, पावशेरभर, मोजून आणलेली भुकटी. मग हौदावर जुनी ताडपत्री टाकून अंधार केला, यंत्र सुरू केलं, आणि मिलमध्ये जमलेल्या सगळ्यांनी लॅपटॉपच्या पडद्यावर पाहिलं. काळ्या पाण्यात हजारो हिरवे ठिपके पळत होते, तळाशी येऊन गिरक्या घेत होते, वाळूच्या उंचवट्यामागे भोवऱ्यात अडकत होते.

"अवो माय!" कुसुमबाई म्हणाल्या. "हे पानी हाय?"

"हो आई. तळाजवळ ते असं नाचते."

मनोहरलाल पाच मिनिटं बोलले नाहीत. त्यांना ओळखणाऱ्यांच्या दृष्टीनं प्रयोग तिथंच यशस्वी झाला होता.

पण जुन्या ताडपत्रीला भोकं होती आणि त्यातून ऊन आत येत होतं. समीक्षा दुपारच्या गाडीनं जाड काळी ताडपत्री आणायला गोंदियाला गेली. जाताना बापाला म्हणाली, "शनिवारी म्याडम लॅपटॉपवर सगळं पाहनार हायेत. मिल, हौद, यंत्र, सगळं. तोवर हौदाकडं लक्ष ठेवा."

ही सूचना माणूस बघून द्यायला हवी होती.

ती गेल्यावर सेवकरामनी ताडपत्री बाजूला केली आणि उजेडात हौद पाहिला. पाणी धुरकट होतं. अगदी बारीक, पण धूळ होती. ते हिरवे ठिपके यंत्र पाडतं अशी त्यांची समजूत होती, आणि ही धूळ म्हणजे नीट न धुतलेल्या वाळूची करामत, असा त्यांनी निष्कर्ष काढला. त्यांच्या हयातीत या हौदात कुणी धुरकट पाणी पाहिलं नव्हतं. आता गोव्याच्या मॅडम पाहणार, आणि म्हणणार, समीक्षाचा बाप हाच का?

ते तसेच घरी गेले. कुसुमबाईंनी फळीवरचं गाडगं काढून दिलं. त्यात निवळीच्या बिया होत्या. जंगलात मिळणारी ही बी माठाच्या आतून घासली की गढूळ पाण्यातला गाळ तासाभरात खाली बसतो, हे इकडच्या कुठल्याही घरी सांगावं लागत नाही.

"माठाले एक बी लागते," कुसुमबाई म्हणाल्या. "हौदाले किती?"

"असतीन तेवढ्या आन."

नवरा-बायको दुपारभर हौदाच्या काठाशी बसून सहाणेवर बिया उगाळत राहिले. कुसुमबाईंचा खांदा दुखायला लागला, तरी त्या थांबल्या नाहीत. पोरीचं काम होतं. पाच वाजता सेवकरामनी तो सगळा रस हौदात हळूच कालवला, मोटर बंद केली आणि ताडपत्री जागच्या जागी घातली. समीक्षा परतली तेव्हा दोघंही काही बोलले नाहीत. सकाळी पाहील तेव्हा खूश होईल, असं ठरलं होतं.

सकाळी समीक्षानं ताडपत्री उचलली.

तळाच्या वाळूचा कण न् कण मोजता आला असता. पाणी आहे की नाही हे बोट बुडवल्याशिवाय कळत नव्हतं. सेवकराम हौदाच्या दुसऱ्या टोकाला, धुतलेला सदरा घालून, हात मागं बांधून उभे होते.

"पाह्य, बाई. तुही छाया दिसते."

समीक्षानं यंत्र सुरू केलं. लॅपटॉपचा पडदा काळा. तिनं तार तपासली, कॅमेरा तपासला, परत पाहिलं. काळाच. मग तिची नजर सहाणेकडं आणि तिच्याशेजारच्या रिकाम्या गाडग्याकडं गेली, आणि ती हौदाच्या कठड्यावर बसली.

"काही चुकलं का?" सेवकरामनी विचारलं.

"पानी लय सुंदर झालं, बाबा." ती म्हणाली. "पन मले काही दिसून नाई राहिलं."

"दिसून नाई राहिलं? अवो, तळ दिसते!"

"तळ नाई पाहाचा मले. पानी पाहाचं हाय. आन् पानी दिसत नसते, बाबा. त्याच्यासंगं वाहनारी धूळ दिसते. कॅमेरा तिचे दोन फोटो काढते, धूळ किती सरकली ते पाहते, त्याच्यावरून पानी किती पळते ते समजते. मीच टाकली होती ती."

सेवकरामना हे समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर ते खाली बसले. "म्हंजे तू तीन वर्सं झाले, कचरा मोजून राहिली?"

"तसंच समजा."

"आन् मी तो बसवला." ते हौदाकडं पाहत राहिले. त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत नितळ पाणी समोर होतं आणि त्याच्याकडं त्यांना बघवत नव्हतं. "आता जहाज?"

समीक्षाला रडू येत होतं आणि बापाच्या चेहऱ्याकडं पाहून रडायची सोय उरली नव्हती. "उद्या बारापर्यंत टाइम हाय," ती म्हणाली.

आधी तिनं तळ ढवळून पाहिला. पण निवळीनं भुकटीला असं घट्ट धरलं होतं की वर आले ते दह्यासारखे गोळे. हौद रिकामा करावा लागला. तेवढ्यात भारनियमनाची वेळ झाली आणि वीज गेली. मनोहरलालनी मिलचा जनरेटर सुरू केला, त्याला डिझेल कमी निघालं, ते आणायला माणूस गेला. वाळू पुन्हा धुवायला घेतली. दुपारी दोन वाजता हौद भरला खरा, पण त्यात टाकायला भुकटी नव्हती, आणि गोव्याहून मागवली असती तर सोमवारी पोचली असती.

"बारीक पाहिजे, पान्यात तरंगत राह्यली पाहिजे, लवकर बुडली नाई पाहिजे आन् विरघळली नाई पाहिजे," समीक्षानं सांगितलं. "घरात असं काही हाय का पाहा."

हे बोलायला नको होतं असं तिला तासाभरात वाटलं. कुसुमबाईंनी तांदळाची पिठी आणली. मनोहरलाल स्वतः घरी गेले आणि हळद, दुधाची भुकटी आणि बायकोच्या नकळत उचललेला पावडरचा डबा घेऊन आले. समीक्षानं कठड्यावर काचेचे सहा पेले मांडले, पाच पेल्यांत एकेक वस्तू घातली, आणि सहाव्यात तुलनेसाठी नुसतं पाणी ठेवलं. पाचवा पेला शेजारच्या पानटपरीवाल्यानं आणलेल्या चुन्याचा होता. कुणी बोलावलं नव्हतं, पण बातमी टपरीपर्यंत गेली होती.

"हळदीचं होते, पाहा तुम्ही," मनोहरलाल म्हणाले. "हळद गुनकारी हाय."

"पान्याले जखम नाई झाली, मालक," कुसुमबाई म्हणाल्या. "पिठीचंच होते."

समीक्षानं यंत्राचा प्रकाश एकेका पेल्यातून सोडला. पिठीच्या गुठळ्या झाल्या. हळदीनं पाणीच पिवळं करून टाकलं. दुधाच्या भुकटीनं तर पेल्यात नुसतं दूध झालं. पावडर पाण्यावर तवंग धरून बसली, काही केल्या खाली जाईना. चुना आधी बरा वाटला, मग तळाशी जाऊन बसला. शेवटी तिनं नुसत्या पाण्याचा सहावा पेला घेतला आणि लॅपटॉपकडं बघून थबकली. हिरवे ठिपके. बारीक, सारखे, संथ फिरणारे.

"ह्याच्यात कोनं काय टाकलं?"

कुणीच काही टाकलं नव्हतं. मनोहरलालनी शपथ घेतली. सेवकरामनी तो पेला उचलला, उजेडात धरला, बोट बुडवून बोटांमध्ये चोळलं, आणि त्यांची मान खाली गेली.

"राखड हाय," ते म्हणाले.

बॉयलरमध्ये धानाचा कोंडा जळतो. त्याची हलकी करडी राख मिलच्या छताच्या वाशांवर, पत्र्याच्या खाचांत वर्षानुवर्षं बसते, आणि जनरेटरच्या हादऱ्यानं त्यातली चिमूटभर पेल्यात पडली होती. एकतीस वर्षं सेवकराम त्या राखेशी लढले होते. हौदावर चादरी बांधल्या, वाशांना झाडू मारला, राख पडलीच तर अख्खं पाणी बदललं. आता पोरगी सगळ्यांसमोर विचारत होती की अशी राख आणखी मिळेल का.

"दुसरं काहीच चालत नाई का?" त्यांनी हळूच विचारलं.

"हेच चालते, बाबा. त्या परदेशी भुकटीसारखंच."

"आपल्या हौदात. राखड."

"हो."

सेवकरामनी उसासा टाकला. मग मात्र त्यांनी काम हातात घेतलं ते त्यांच्या पद्धतीनं. वाशावरची राख त्यांनी स्वतः उतरवली, कुसुमबाईंच्या जुन्या लुगड्यातून दोनदा गाळली, खडे निवडले आणि डब्यात भरून झाकण लावलं. घाण करायची तर ती तरी स्वच्छ असावी, असं त्यांचं म्हणणं दिसलं. शनिवारी सकाळी साडेनऊला ते डबा घेऊन हौदाशी उभे राहिले. समीक्षानं चमच्यानं प्रमाण सांगितलं. पहिला चमचा टाकताना त्यांनी डोळे मिटून घेतले.

अकराला रेकॉर्डिंग सुरू झालं. यंत्र फोटो साठवत असताना लॅपटॉपवर चित्र दाखवायला गेलं तर तो अडकायचा, म्हणून चित्र बंद ठेवून नुसते मिनिटांचे आकडे पाहत समीक्षा ताडपत्रीबाहेर बसली. आत कुणी जाऊ नये म्हणून राखणीला कुणीतरी हवं होतं. तिनं बापाकडं पाहिलं. त्यांनी इतक्या आर्जवानं पाहिलं की तिला नाही म्हणवेना. तिनं त्यांच्या डोळ्यांना केशरी चष्मा लावला.

"हा काढाचा नाई. त्या प्रकाशानं डोळे जातात. आन् कायलेच हात लावाचा नाई."

"नाई लावत."

वीस मिनिटं मिलमध्ये कुणी खोकलंदेखील नाही. मनोहरलालनी फाटक लावून घेतलं आणि स्वतः फाटकाबाहेर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला, ट्रॅक्टरला आणि एका म्हशीला थांबवलं. अकरा वीसला समीक्षानं खटका दाबला आणि श्वास सोडला.

पावणेबाराला केरकर मॅडम लॅपटॉपवर आल्या. मागं दोन-तीन माणसं उभी होती. समीक्षानं रेकॉर्डिंग लावलं. ठिपके पळायला लागले, अगदी हवे तसे, तळाशी वळणारे, वाळूमागं गिरक्या घेणारे. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मॅडम मान हलवत होत्या.

अकराव्या मिनिटाला पडद्याच्या वरच्या कोपऱ्यातून एक हात आत आला.

सावळा, सुरकुतलेला हात. तो हळूहळू तळापर्यंत उतरला, दोन बोटांनी वाळूवरून काहीतरी उचललं आणि आला तसा निघून गेला.

मॅडमची हलणारी मान थांबली.

"समीक्षा," मॅडम म्हणाल्या, "हे काय आहे?"

"हात हाय, म्याडम," मनोहरलालनी मागून मदत केली.

"ते दिसतंय मला. कुणाचा?"

समीक्षानं वळून पाहिलं. सेवकराम छताच्या वाशांचं निरीक्षण करत होते. "एक काडी होती," ते छताला म्हणाले. "तनसाची. वाळूवर पडली होती. म्याडम पाहनार होत्या, म्हून..."

"बाबा! चष्म्यातून काडी कशी दिसली तुमाले?"

"चष्मा जरासा वर केला."

"डोळे जातात म्हनली ना मी!"

"एकाच डोळ्यानं पाह्यलं." ते आता रडवेले झाले होते. "म्याडम, पोरीची चूक नाई. पाहिजे तं पुन्हा करतो. राखड मी चाळून देतो. मी आत नाई बसत. मिलमंधीच नाई येत मी. पन तिची जागा कोनाले देऊ नका जी."

बाराला दोन मिनिटं कमी होती. पुन्हा करायला वेळ नव्हता हे समीक्षाला माहीत होतं, मॅडमना माहीत होतं, फक्त सेवकरामना माहीत नव्हतं. मॅडमनी चष्मा पुसला.

"त्या मिनिटाचे आकडे काढ," त्या म्हणाल्या.

समीक्षानं काढले. आलेखावर तळाजवळच्या पाण्याची रेघ सरळ चालली होती. हात आला तिथं ती थोडी उचलली, थोडी खाली आली आणि परत सरळ झाली. मॅडम पडद्याजवळ सरकल्या. मग मागच्या माणसाला म्हणाल्या, "हे बघायला ये जरा."

"किती सेकंदांत सरळ झाली?" त्या माणसानं विचारलं.

"नऊ," समीक्षा म्हणाली. तिनं परत मोजलं. "नऊच."

"आणि वाळू?"

"उडाली नाही. एक कणही नाही."

तिकडं कुजबुज झाली. "काका," मॅडम म्हणाल्या, आणि सेवकराम दचकले. "आमचे पाणबुडे कॅमेऱ्याची काच पुसायला हात घालतात ना, तेव्हा तळ असा उधळतो की पाणी शांत व्हायला अर्धा तास आम्ही बसून राहतो. तुम्ही काय केलंत?"

"काई नाई जी." सेवकरामना यात शिक्षा कुठं आहे ते कळत नव्हतं. "हात बोटाकडून घालाचा. पानी ज्या अंगानं जाते, त्याच अंगानं न्याचा. झटका द्याचा नाई. तळाचा गाळ उठला तं धान पुन्हा धुवा लागते."

"बोटांकडून," मॅडम म्हणाल्या आणि मागच्या माणसानं ते लिहून घेतलेलं सगळ्यांनी पाहिलं. "समीक्षा, तुझी जागा पक्की. ते अकरावं मिनिट कापू नकोस, अहवालात घाल. आणि काका, जागा एकच आहे म्हणून, नाहीतर तुम्हालाच नेलं असतं बघा जहाजावर."

मॅडम हसत होत्या. सेवकरामचा चेहरा मात्र पांढरा पडला. "नको जी," ते घाईनं म्हणाले. "मले पोहता येत नाई."

कुसुमबाईंना हसू आवरेना. मनोहरलालनी तर तिथल्या तिथं फाटक उघडलं आणि अडवलेल्या म्हशीला सन्मानानं वाट करून दिली. समीक्षानं बापाचा ओला हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. त्याला राखेचा वास येत होता.

दुसऱ्या दिवशी ती दोन पेट्या घेऊन आमगावच्या फलाटावर उभी होती. गाडीला वेळ होता. सेवकराम चहा आणायला गेले होते आणि स्टॉलवाल्याशी बोलत होते. ते हळू बोलत होते असं त्यांना वाटत होतं.

"जहाजवाल्यायनं मलेच बोलावलं होतं," ते सांगत होते. "म्याडम सोता म्हनल्या. माहे हाताचे आकडे निघाले ना तिकडं. पन जागा एकच. मंग मी म्हनलो, नाई म्याडम. मी एकतीस वर्सं पाह्यलं पानी. आता पोरीले जाऊ द्या."

"खरं सांगता का, गजभिये भाऊ?" स्टॉलवाल्यानं विचारलं आणि समीक्षाकडं पाहिलं.

सेवकरामना ती मागं उभी असल्याचं तेव्हा कळलं.

"खरं हाय, काका," समीक्षा म्हणाली. "बाबानं जागा सोडली, म्हून मी जाऊन राहिली."